बिल वेळेवर भरलं, तरी स्कोअर का घसरला?

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी अंबड एमआयडीसीत नोकरीला आहे. पाथर्डी फाट्याजवळ 52 लाखांचा फ्लॅट बघितलाय आणि 40 लाखांचं कर्ज हवंय. जूनमध्ये बँकेत सहज चौकशीला गेलो, तर साहेब म्हणाले, ‘क्रेडिट स्कोअर 750 च्या पुढे असता तर व्याज पाव टक्का कमी लागलं असतं.’ माझा 731 निघाला. मॅडम, सहा वर्षांत मी कार्डाचं एकही बिल चुकवलेलं नाही. दर महिन्याच्या 1 तारखेला ऑटो डेबिटने पूर्ण पैसे जातात, व्याजाचा एक रुपया कधी भरलेला नाही. दुसरं कुठलंही कर्ज नाही. मग माझं चुकलं कुठे? बायको म्हणते, वापरात नसलेलं जुनं कार्ड बंद करून टाका, म्हणजे स्कोअर वाढेल. दसऱ्याच्या आत फाइल टाकायची आहे. क्रेडिट अहवालाची प्रत आणि कार्डाचं शेवटचं बिल सोबत पाठवतोय. — एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमची प्रत मी दोनदा वाचली. तुमच्या सवयीत काहीही खोट नाही, हे आधी सांगते, कारण पत्रात तुमच्या मनाला लागलेलं दिसतंय. 36 महिन्यांच्या चौकटींमध्ये एकाही ठिकाणी उशीर नाही, सगळीकडे शून्यं. हा तुमच्या अहवालातला सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि तो तसाच आहे.

अडचण त्याच पानावर, जरा वर आहे. कार्डाच्या खात्यापुढे लिमिट 1,20,000 आणि बाकी 1,07,000 असं छापलंय. म्हणजे लिमिटपैकी 89 टक्के वापरलेलं. तुम्ही म्हणाल, मी तर पूर्ण बिल भरतो, मग बाकी आली कुठून? आता तुमचं बिल शेजारी ठेवा आणि तारखा बघा.

तुमचं बिल 12 तारखेला निघतं आणि पैसे 1 तारखेला कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 जानेवारी 2025 पासून बँकांनी कर्जदारांची माहिती सिबिलसारख्या, म्हणजे हा अहवाल आणि स्कोअर तयार करणाऱ्या, कंपन्यांना निदान पंधरवड्याने कळवायची आहे, 15 तारखेची स्थिती आणि महिनाअखेरची स्थिती. आता 15 तारखेला तुमच्या कार्डावर काय होतं? नुकतंच निघालेलं 58,000 चं बिल, त्यानंतरच्या तीन दिवसांतले 4,000 आणि फ्रिजच्या हप्त्यांची उरलेली 27,000 ची मुद्दल. एकूण 89,000, म्हणजे 74 टक्के. महिनाअखेरीला? तेच न भरलेलं 58,000 चं बिल, 13 तारखेपासूनची 22,000 ची नवी खरेदी आणि फ्रिजचे 27,000. एकूण 1,07,000. दुसऱ्या दिवशी, 1 तारखेला, तुमचे पैसे जातात. एका दिवसाने चुकतं बघा! महिन्यातून दोनदा माहिती जाते आणि दोन्ही वेळा तुमचं कार्ड काठोकाठ भरलेलं असतं. ज्या दिवशी ते हलकं असतं, त्या दिवशी कुणी बघत नाही.

याला कार्डाचं युटिलायझेशन म्हणतात, लिमिटपैकी किती वापरलंय त्याची टक्केवारी. वेळेवर भरणं वेगळं आणि कार्ड किती भरलेलं दिसतं हे वेगळं. स्कोअरमध्ये दोन्ही मोजलं जातं. स्कोअर काढणाऱ्या सूत्राला तुमचा पगार दिसत नाही, बचत खात्यातले दीड लाख दिसत नाहीत. त्याला फक्त एवढं दिसतं, की या माणसाला उपलब्ध उधारीतली जवळजवळ सगळी लागते. आणि ज्यांना सगळी लागते, त्यांच्यातले जास्त जण पुढे अडकतात, असा कर्ज देणाऱ्यांचा अनुभव आहे. तुमच्यावर तो शिक्का बसावा हे मलाही पटत नाही. पण हिशेब असा आहे, आणि तो तुमच्या हातातला आहे.

फ्रिजचं म्हणाल तर ‘नो कॉस्ट’ हप्ते घेताना कोणी हे सांगत नाही. बिलात दर महिन्याचा एकच हप्ता येतो, पण उरलेली सगळी मुद्दल लिमिटमधून अडवलेली असते आणि तुमच्या बँकेने ती बाकीत धरलेली आहे.

अजून एक गोष्ट, जी फक्त कर्ज विभागात बसलेल्यालाच दिसते. मी 29 वर्षं एका सरकारी बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्जाच्या टेबलावर. तिथे स्कोअर बघून झाला की पुढचं काम असायचं पगारातून किती हप्ता झेपेल ते काढायचं. कार्डावर बाकी दिसली की आम्ही तिचे पाच टक्के दरमहाचा बोजा म्हणून धरायचो. अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तुमच्या 1,07,000 चे पाच टक्के 5,350. साडेआठ टक्के दर आणि 20 वर्षं मुदत धरली तर तेवढा हप्ता सहा लाखांच्या कर्जाचा होतो. तुमचा पगार काठावर असेल तर 40 लाखांऐवजी 34 च मंजूर होतील, आणि कारण काय, तर 1 तारखेला फिटणारच असलेलं बिल. माझ्या टेबलासमोर अशी माणसं बसलेली मी पाहिली आहेत. एक शिक्षक जोडपं मला अजून आठवतं. त्यांनी उरलेली रक्कम उभी करायला बाईंच्या पाटल्या मोडल्या. तेव्हा सामान्य माणसाला स्वतःचा अहवाल फुकट बघायची सोयही नव्हती. टेबलाच्या अलीकडे आम्हाला सगळं दिसायचं, पलीकडच्याला काहीच नाही. ती सोय 2017 पासून आली. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. चारही काढा. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होतो, ही भीती अनेकांच्या मनात उगाच आहे. तसं होत नाही.

आता काय करायचं ते सांगते. 10 जुलैला, म्हणजे बिल निघायच्या दोन दिवस आधी, तोवर कार्डावर साचलेली सगळी खरेदी बँकेच्या ॲपमधून स्वतः भरून टाका. बिल आलं नाही तर कसं भरू, असं वाटतं लोकांना. कार्डावर बाकी असेल तर ती कधीही भरता येते. बिलाची तारीख ही शेवटची मुदत ठरवण्यापुरती असते. फ्रिजचे हप्ते बंद करायला मात्र नुसते जास्त पैसे भरून चालत नाही. ते पैसे खात्यात जमा पडून राहतात आणि हप्ते चालूच राहतात. कस्टमर केअरला फोन करून ‘हप्ते फोरक्लोज करायचेत’, म्हणजे उरलेली मुद्दल एकदम फेडून ते संपवायचेत, असं सांगावं लागतं. त्याला थोडं शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो. तेवढा सोसा. मग 15 तारखेला कार्डावर फार तर दोन-तीन हजार दिसतील. पुढे 27-28 तारखेला पुन्हा जे असेल ते भरा, म्हणजे महिनाअखेरही हलकी जाईल. तोवर किराणा, पेट्रोल, मुलांची फी यूपीआयने किंवा डेबिट कार्डाने द्या.

किती टक्के असावं? 30 टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळीकडे सांगतात. तुमच्या लिमिटवर ते 36,000 होतात. हा काही कायद्यातला आकडा नाही. 31 ला दार बंद आणि 29 ला उघडं, असं होत नाही. जितकं खाली तितकं बरं, आणि अर्जाच्या आधीचे दोन महिने मी तर 10-12 हजारांच्या वर जाऊ देऊ नका असंच म्हणेन. अगदी शून्यच दिसायला हवं असंही नाही.

ऑटो डेबिट बंद करू नका. तीच तुमची सहा वर्षांची राखण आहे. फक्त एक सांभाळा: बिल निघाल्यानंतर आणि ऑटो डेबिटच्या आधी तुम्ही स्वतः भरलंत, तर काही बँकांत 1 तारखेला तेवढीच रक्कम पुन्हा कापली जाते. बुडत नाही, कार्डावर जमा राहते, पण बुकिंगचा चेक त्याच आठवड्यात वटायचा असेल तर पंचाईत होईल. म्हणून मोठी रक्कम बिलाच्या आधीच भरा म्हणते.

आणि वहिनींना सांगा, जुनं कार्ड बंद करायचं नाही. त्यांचा हेतू चांगला आहे, पण हिशेब उलटा पडतो. त्या 2016 च्या कार्डाचं लिमिट 80,000 आहे. दोन्ही कार्डं मिळून तुमच्याकडे दोन लाखांची मर्यादा आहे, त्यामुळे 1,07,000 ची बाकी एकूण 53 टक्के दिसते. ते कार्ड गेलं की तीच बाकी थेट 89 टक्के. शिवाय ते तुमचं सगळ्यात जुनं खातं. वर्षभर न वापरलेलं कार्ड बँक नोटीस देऊन बंद करू शकते, तेव्हा त्यावर दोन-तीन महिन्यांतून एकदा मोबाइलचा रिचार्ज करा आणि लगेच भरा. बाकी काही नको. लिमिट वाढवून मागावं का, हेही मनात येईल. बँकेने स्वतःहून देऊ केलं असेल तर होकार द्या (तुमच्या संमतीशिवाय बँकेला ते वाढवता येत नाही). पण आपण मागायला गेलं की काही बँका तुमचा अहवाल मागवतात आणि त्यात नवी ‘चौकशी’ नोंदली जाते, आणि अर्जाच्या तोंडावर ती नको.

चौकशीवरून आठवलं. दसऱ्याच्या सुमारास एजंट म्हणेल, ‘चार बँकांत फाइल लॉगिन करू, जिथे होईल तिथे होईल.’ नाही म्हणा. प्रत्येक लॉगिनला ती बँक तुमचं सिबिल काढते आणि प्रत्येक चौकशी अहवालात दिसते. आधी दरांची विचारपूस तोंडी करा, कुठल्या बँकेत कुठल्या स्कोअरला कुठला दर ते विचारा (पट्टे प्रत्येक बँकेचे वेगळे असतात), मग एकाच ठिकाणी, फार तर दोन ठिकाणी, अर्ज करा.

वेळेचं गणित असं: 31 जुलैची स्थिती बँकेने सात दिवसांत पाठवायची, सिबिलसारख्या कंपनीने ती पुढच्या पाच दिवसांत अहवालात चढवायची. म्हणजे साधारण 12 ऑगस्टपर्यंत ती अहवालात यायला हवी. 15 ऑगस्टनंतर अहवाल काढा, कार्डापुढची ‘कळवल्याची तारीख’ वाचा, बाकी खाली आलीय का ते बघा आणि मगच बँकेत जा. स्कोअर किती गुणांनी वाढेल हे मी सांगणार नाही. ते सूत्र कंपन्या उघड करत नाहीत, आणि नेमका आकडा सांगणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका. पण उशीर झालेला हप्ता जसा 36 महिने चौकटीत दिसत राहतो, तसं हे नाही. बाकी उतरली की पुढच्या वेळी नवा आकडा जातो. तुमच्याकडे बाकी सगळं स्वच्छ असल्यामुळे मला आशा वाटते. पाव टक्क्याची किंमतही लिहून ठेवा: 40 लाखांवर 20 वर्षांसाठी साडेआठ आणि पावणेनऊ यांत महिन्याला साधारण 635 रुपयांचा फरक पडतो. सगळी मुदत धरली तर दीड लाखाच्या वर.

शेवटचं, आणि हे कळकळीने सांगते. मंजुरीपत्र हातात आलं की लोक मॉड्युलर किचन, सोफा, एसी सगळं कार्डावर घेऊन मोकळे होतात. मंजुरी म्हणजे पैसे मिळाले असं नसतं. ताबा लांबला, मंजुरी शिळी झाली, तर पैसे सोडताना आम्ही अहवाल पुन्हा काढायचो. माझ्याच भाच्याचं तसं झालं. मंजुरीनंतर दोन लाखांचं फर्निचर कार्डावर घेतलं, बिल्डरने अडीच महिने लावले, आणि बँकेने नवा अहवाल बघून जास्तीचे कागद मागितले. तो रात्री अकराला फोनवर रडवेला झाला होता. बिल्डरच्या खात्यात कर्जाचे पैसे पडेपर्यंत कार्ड पाकिटातच राहू द्या.

प्रश्न: ताई, मी गृहिणी आहे, घरून शिवणकाम करते. ह्यांच्या क्रेडिट कार्डावर माझं ॲड-ऑन कार्ड आहे, घरचा सगळा बाजार मीच त्यावर करते. पुढच्या वर्षी दोन पिको मशिनी घ्यायला स्वतःच्या नावावर कर्ज काढायचंय. या वापराचा मला उपयोग होईल का? — एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, खर्च तुमच्या हातून होतो, पण देणं तुमच्या यजमानांच्या नावावर असतं. ॲड-ऑन कार्डाला वेगळं लिमिट नसतं, मूळ कार्डाच्याच लिमिटमधून ते जातं. म्हणजे दिवाळीच्या महिन्यात तुम्ही 40,000 ची खरेदी केलीत तर त्यांचंच कार्ड तेवढं भरलेलं दिसतं. त्यांना कर्ज काढायचं असेल तर ते महिने तुम्हीही हात आखडता घ्या. पण तुमच्या स्वतःच्या पतीसाठी, म्हणजे पत म्हणतात त्या पतीसाठी, यावर विसंबू नका.

त्याऐवजी मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या. शिवणकामातले 25,000 तुमच्या नावावर ठेवीत टाका, त्यावर बँक ठेवीपेक्षा थोड्या कमी लिमिटचं कार्ड देते. पगाराची चिठ्ठी लागत नाही, आणि ठेवीवर व्याज चालूच राहतं. पण लिमिट लहान असलं की टक्केवारी भराभर चढते, हे ध्यानात ठेवा. समजा 20,000 चं लिमिट मिळालं आणि महिन्याचा 9,000 चा किराणा त्यावर घेतलात, तर झाले 45 टक्के. म्हणून सगळा बाजार त्यावर नको. दोरे, कॅनव्हास, चेन, बटणं, एवढाच माल त्यावर घ्या, महिन्याला तीन-चार हजारांचा, आणि पूर्ण भरा. ‘मिनिमम ड्यू’ नावाची जी छोटी रक्कम बिलावर असते ती भरून थांबायचं नाही. उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाचे 42. सावकारसुद्धा इतकं घेताना विचार करेल. आत्ता सुरू केलंत तर पुढच्या वर्षी मशिनीच्या कर्जाला तुमच्या स्वतःच्या नावावर वर्षभराची नोंद असेल.

प्रश्न: चार वर्षांपूर्वी बंद केलेलं कार्ड अहवालात अजून चालू दिसतंय आणि त्यावर 18,400 बाकी दाखवलीय. लिमिट 20,000 चं होतं. एक जण 8,000 रुपयांत ‘स्कोअर दुरुस्त’ करून देतो म्हणतो. देऊ का? गाडीच्या कर्जाचा अर्ज करायचाय. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: देऊ नका. तो जे करणार आहे ते तुम्ही फुकट करू शकता. त्याला ओटीपी, पॅन आणि जन्मतारीख दिलीत तर नसतं संकट ओढवून घ्याल.

ज्या कंपनीच्या अहवालात चूक दिसते, तिच्या वेबसाइटवर त्या खात्यापुढेच हरकत नोंदवायची सोय असते. त्याच दिवशी कार्ड देणाऱ्या बँकेलाही ईमेल करा. कार्ड बंद केल्याचं पत्र किंवा शेवटचं शून्य बाकीचं बिल सापडलं तर जोडा. नसेल तर बँकेकडे नो ड्यूजचं, म्हणजे काही देणं उरलेलं नसल्याचं, पत्र मागा. ती रक्कम खरंच कुठल्या वार्षिक शुल्कातून आणि त्यावरच्या व्याजातून वाढली असेल, तर तिचा तपशील लेखी मागा. घाईने भरून टाकू नका. आणि ‘थोडे कमी भरा, मिटवून टाकू’ असा फोन आला तर सावध राहा. तशा तडजोडीनंतर खात्यापुढे ‘सेटल्ड’ असं छापलं जातं, आणि गाडीच्या कर्जाला ते लिमिटच्या काठोकाठ वापरलेल्या कार्डापेक्षा कितीतरी जास्त नडतं.

तक्रार 30 दिवसांत मिटली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येतं, तेही मोफत. तक्रारीचा क्रमांक आणि तारीख आजच वहीत लिहा, 30 दिवस त्या तारखेपासून मोजायचे. गाडीचा अर्ज खातं ‘बंद’ दिसेपर्यंत थांबवा.